बंदर बुजते, हुन्नर तरतो

चौल-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरची सफर आणि कारेगावच्या व्यापाऱ्यांसाठी तिचा हिशेब

कारेगाव आणि समुद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. शिरूर तालुक्यातल्या या गावाला पाणी माहीत आहे ते घोडनदीचे आणि टँकरचे. परंतु रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या फाटकातून निघालेला कंटेनर पुणे ओलांडतो, घाट उतरतो आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जाऊन उभा राहतो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून आपल्या भागातला माल देशोदेशी जातो. कारेगावच्या रस्त्याचे दुसरे टोक समुद्रात आहे, आणि हा संबंध फार जुना आहे.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने शिडाच्या नौकेतून हिंडत पडकी बंदरे, बुरूज आणि बुडालेल्या वस्त्या पाहण्याची सफर हा आज मोठा धंदा झाला आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील अनेक मुस्लिम कुटुंबांची रोजी त्यावर चालते. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही तसेच अवशेष आहेत आणि शिडाच्या होड्याही आहेत. त्या पाहाव्यात व त्यामागचा व्यापार समजून घ्यावा, या हेतूने कारेगाव परिसरातील आम्ही काही दुकानदार व कारागीर हा किनारा फिरून आलो. आमच्यात लाकडी पॅलेट बनवणारे सुतार होते, वेल्डर होते, खानावळवाले आणि भंगारचे व्यापारी होते. जे पाहिले त्याचा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

नगरचा रस्ता, चौलचा दरवाजा

घाटमाथ्यावरचा माल समुद्राला नेण्याच्या वाटा दोन हजार वर्षांपूर्वीही वाहत होत्या. जुन्नरजवळचा नाणेघाट ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध वाट. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. याच डोंगरात उगम पावणारी कुकडी नदी जुन्नर ओलांडून पुढे शिरूरच्या बाजूला घोडनदीला मिळते. दुसरी वाट बोरघाटाची. तिच्या आसपास कार्ले, भाजे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांमध्ये 'यवन' म्हणवणाऱ्या लोकांचीही नावे कोरलेली आहेत. भूमध्य समुद्राकडचे व्यापारी त्या काळी आपल्या किनाऱ्यावर येत असत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखकांनी पश्चिम किनाऱ्यावरील ज्या बंदरांची नावे लिहून ठेवली, त्यात 'सेमिल्ला' आहे. अरबांनी त्यालाच 'सैमूर' म्हटले. आपण त्याला चौल म्हणतो.

पुढे मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. आधी जुन्नर, मग १४९४ मध्ये वसवलेले अहमदनगर ही तिची ठिकाणे. या राज्याला समुद्राचा दरवाजा होता तो चौलचा. हुर्मुझहून आलेले अरबी घोडे चौलला उतरत आणि घाट चढून देशावर येत. इकडचे सुती आणि रेशमी कापड तिकडे जाई. ज्या नगर रस्त्यावर आज आपली दुकाने आहेत, त्या मुलखाचा माल चारशे-पाचशे वर्षांपूर्वी चौलच्या धक्क्यावर मोजला जात होता.

हुन्नरमंदांचे गाव

आज चौलला गेलेल्या माणसाला बंदर दिसत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात, मधून पायवाटा जातात आणि झाडीत पडक्या भिंती उभ्या असतात. निजामशाही काळातला हमामखाना आहे, मशिदीचे अवशेष आहेत, लोक ज्याला कलावंतिणीचा वाडा म्हणतात ती पडकी इमारत आहे. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटाची भिंत समुद्राला लागून चालते. आमच्यातल्या सुतारांनी हमामखान्यात शिरताच छताची गोलाई पाहिली आणि लाकडाचा आधार न घेता हे कसे तोलले, यावर बराच वेळ चर्चा केली.

बगदादचे प्रवासी आणि इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास येथे आले होते. येथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ओमान, बसरा, बगदाद, सिराफ येथून आलेले आणि येथेच जन्मलेले असे ते लोक होते. राज्य राष्ट्रकूटांचे, स्थानिक राजा शिलाहार. या हिंदू राजाने मुसलमान वस्तीचे वाद मिटवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस नेमला होता आणि त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. फारसी 'हुनरमंद' यावरून तो शब्द आला. आपण रोज वापरतो तो 'हुन्नर' शब्दही त्याच घराण्यातला आहे. परक्या मुलखात व्यापाऱ्यांच्या म्होरक्याला मान मिळाला तो हुन्नराच्या नावाने, ही गोष्ट कारागीर वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तर परत देईन, अशी अट घातली. तेव्हा खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, त्याचा धर्मही राहिला आणि घोडाही परत मिळाला. हे सर्व निकितिनने स्वतः लिहून ठेवले आहे. सक्तीने कोणाचा माल किंवा इमान घ्यायचे नसते, हे त्या खोरासानी माणसाला समजत होते. बाजाराची पत अशा माणसांमुळे टिकते. निकितिनने तक्रारीही केल्या आहेत. आपल्या देशाला न्यावा असा माल मिळाला नाही, जकात भारी आणि समुद्रात लुटारू फार, असे तो म्हणतो. व्यापाऱ्यांच्या तक्रारी साडेपाचशे वर्षांत फारशा बदललेल्या दिसत नाहीत! रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

बंदर का बुजले

चौलसारखे बंदर बुजण्याला एकच कारण नव्हते. पहिले कारण युद्ध. मिरी-मसाल्याचा व्यापार तोपर्यंत अरबी समुद्र, तांबडा समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया असा भूमध्य समुद्राकडे जात होता. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून आले आणि त्यांनी हा रस्ता तोडायला सुरुवात केली. म्हणून इजिप्तच्या मामलूक सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवले. १५०८ मध्ये चौलसमोर लढाई झाली. दीवच्या मलिक अयाझची मदत घेऊन मामलूकांनी पोर्तुगीजांना हरवले आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडे फिरले. पोर्तुगीजांनी चौलजवळ आधी वखार आणि मग कोट उभारला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तोही निष्फळ ठरला. शेवटी १७४० मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला.

दुसरे कारण गाळ. कुंडलिका नदी डोंगरातून माती आणते आणि खाडीच्या तोंडाशी टाकते. भूमध्य समुद्राच्या काठी इफेसस या प्रसिद्ध शहराचेही हेच झाले. नदीच्या गाळाने बंदर भरले, समुद्र मागे सरला आणि आज त्या शहराचे अवशेष किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत आहेत. तिसरे कारण मुंबई. इंग्रजांनी तेथे खोल पाण्याचे बंदर, वखारी आणि पुढे रेल्वे उभी केली. व्यापारी तिकडे गेले. चौलमध्ये राहिल्या त्या वाड्या आणि भिंती.

राजपुरीची शिडे

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूड असे पुढे गेले की राजपुरी लागते. येथे एक जुना धंदा अजून जिवंत आहे. समोर पाण्यात जंजिरा किल्ला आहे. 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून हे नाव पडले. हबशी वंशाच्या सिद्दींनी हा किल्ला राखला. शिवाजी महाराजांनी त्याला शह देण्यासाठी समोरच पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा मराठ्यांच्या हाती आला नाही. १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या तीन घुमटदार कबरी आहेत, त्याही पाहण्यासारख्या आहेत.

किल्ल्यावर जायला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. आम्ही बसलो त्या होडीत दोन्ही बाजूंना माणसे दाटीने बसली होती. सुकाणूवर एक वयस्क तांडेल, दोरांवर त्याचे दोन-तीन सोबती. धक्क्यापासून होडी वल्ह्याने आणि बांबूने रेटून बाहेर काढली. मग परबाणाला बांधलेले तिरके शीड वर चढले, वाऱ्याने पोट भरले आणि होडी एका अंगाला कलली. आमच्यातले काहीजण घाबरले. तांडेलाने हाताने खूण करून दोघांना दुसऱ्या बाजूला बसवले आणि तोल साधला. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा वास नाही. पाणी कापल्याचा आवाज तेवढा येत होता.

जाताना तांडेल किल्ल्याकडे सरळ गेला नाही. आधी वाऱ्याच्या बाजूला वर चढला आणि मग शीड फिरवून किल्ल्याच्या भिंतीकडे उतरला. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा वारा. कोणत्या वेळी कोणत्या बाजूने निघायचे, ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, हे त्यांचे पाठ असते. जहाजावरच्या वाटाड्याला पूर्वी 'मालीम' म्हणत. 'मुअल्लिम', म्हणजे शिकवणारा, यावरून हा शब्द आला. 'नाखुदा', 'खलाशी', 'बंदर' हे शब्दही अरबी-फारसी व्यापाऱ्यांबरोबर आले आणि मराठीत घरचे झाले. 'मोसमी' वाऱ्यातला 'मोसम' अरबीच.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिसतो तेव्हा होडी लाटेवर वरखाली होत असते आणि प्रवाशाने नेमक्या क्षणी पायरीवर पाय टाकायचा असतो. तांडेलाचे सोबती हात धरून एकेकाला उतरवतात. वृद्धांना आणि मुले घेतलेल्या बायांना हे जड जाते. आत गेल्यावर पडका राजवाडा, मशीद, गोड्या पाण्याचे मोठे तलाव, बुरूज आणि कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. चारी बाजूंना खारे पाणी असताना मध्ये गोडे पाणी राखले, म्हणून किल्ला टिकला. परतायला पाऊण तास मिळतो, तेवढ्यात सगळे पाहणे होत नाही.

या धंद्याचा हिशेब सोपा नाही. आगोट आली, म्हणजे पावसाळा तोंडाशी आला, की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. उधाणाच्या समुद्रात किल्ल्यावर जाणे बंद असते. ते महिने उत्पन्न नाही, उलट दुरुस्तीचा खर्च असतो. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोसून राळ भरायची, तळाला तेल द्यायचे, शीड सांधायचे. हे काम करणारे सुतार कमी होत चालले आहेत. फायबरच्या होड्या आणि इंजिने येत आहेत. किल्ल्याच्या मागच्या बाजूस प्रवाशांसाठी जेट्टी बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले. चढउतार सोपी होणे आवश्यकच आहे. मात्र मोठ्या लाँचेस लागू लागल्या की शिडाच्या होड्यांच्या वाट्याला काय येणार, ही चिंता नाववाल्यांच्या बोलण्यात आम्हाला जाणवली.

खाड्या ओलांडत दाभोळपर्यंत

आता मुंबईहून कोकणच्या सर्व बंदरांना लागणाऱ्या त्या जुन्या आगबोटी राहिल्या नाहीत. खाड्यांवर मात्र वाहनांसह नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. आगरदांड्याहून दिघी, पुढे बागमांडल्याहून वेश्वी आणि दापोली तालुका ओलांडला की दाभोळ. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. ज्या खाडीला वळसा घालायला तास दोन तास जात, ती काही मिनिटांत ओलांडता येते. मोटारसायकलवर कापडाचे गाठोडे लादून खाडीपलीकडच्या बाजाराला निघालेले फेरीवाले आम्हाला बोटीतच भेटले.

दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी ते पुन्हा उठले. धक्क्याजवळची शाही मशीद सतराव्या शतकाच्या मध्यातली. विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी येथे आली, समुद्र सुरक्षित नसल्याने तिला निघता आले नाही आणि सोबतचा पैसा तिने या मशिदीवर खर्च केला, अशी कथा येथे सांगतात. मुंबईहून जेद्दाहला हज यात्रेकरूंना नेणारी जहाजेही १९९५ नंतर थांबली. समुद्रावरची वाट बंद झाली की बंदराचे काय होते, हे दाभोळच्या शांत धक्क्यावर उभे राहिले की समजते.

तुर्कस्तानच्या नाववाल्यांकडून

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बोद्रुम हे गाव आहे. तेथले लोक मासे पकडत, समुद्रातून स्पंज काढत आणि 'गुलेत' नावाच्या लाकडी नौकांतून किनाऱ्याकिनाऱ्याने माल वाहत. मोटारीचे रस्ते झाले, कृत्रिम स्पंज आला आणि हे धंदे बसले. तेव्हा त्याच सुतारांनी त्याच नौकेत झोपण्याच्या खोल्या आणि स्वयंपाकघर बसवले. आज देशोदेशीचे लोक आठवडा आठवडा या नौकांत राहून प्राचीन अवशेष पाहत फिरतात. या सफरीला तेथे 'निळी सफर' म्हणतात. नौका बांधणारा सुतार, शीड शिवणारा, आचारी, खलाशी, भाजीवाला या सर्वांना त्यात काम मिळाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केकोवा बेटाजवळ भूकंपाने पाण्यात गेलेल्या जुन्या वस्तीच्या भिंती आणि पायऱ्या नौकेतून दिसतात. त्या अवशेषांवर पोहायला आणि बुडी मारायला मनाई आहे. ज्यावर रोजी चालते ती वस्तू जपली पाहिजे, हा साधा हिशेब आहे. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर मात्र लोक नावे कोरतात आणि तलावात बाटल्या टाकतात.

आमच्या पाहण्यातून सुचलेल्या गोष्टी

नाववाल्या बंधूंना आम्ही शिकवावे असे काही नाही, परंतु गिऱ्हाईक म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, जिवाची हमी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनभराहून अधिक बळी गेले. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवे. ते कोपऱ्यात ढीग करून ठेवण्याची वस्तू नव्हे. ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. चार भाडी बुडाली तर ती उद्या भरून निघतात.

दुसरी, दराची पाटी. एका ठिकाणी होडीत बसताना सांगितलेला दर आणि उतरताना मागितलेला दर वेगळा निघाला. रक्कम किरकोळ होती, परंतु ते गिऱ्हाईक दहा जणांना सांगते. व्यापारात सच्चेपणा हा इबादतीचा भाग आहे, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

तिसरी, खरी माहिती. किल्ल्याची हकीकत सांगणाऱ्या मुलांनी ऐकीव चमत्कारांऐवजी नीट वाचलेला इतिहास सांगितला तर त्यांची कमाई वाढेल. पाऊण तासाऐवजी दोन तासांची वेगळी फेरी जास्त दराने ठेवली तर ती घेणारे लोक आहेत. आम्हीच घेतली असती.

चौथी, शिडाचे मोल. इंजिनाची बोट सगळीकडे आहे. शिडाची होडी चालवणारे हात थोडे उरले आहेत. वेळ वाचवायचा असेल त्याने लाँचने जावे. वाऱ्यावर चालणाऱ्या होडीत बसण्यासाठी आलेल्या माणसाला ती स्वतंत्र सफर म्हणून द्यावी. तिची किंमत वेगळी लावता येते.

कारेगावचा हिशेब

आता आपल्या गावाकडे वळू. कारेगावात गेल्या तीस वर्षांत जे काही उभे राहिले, खोल्या, खानावळी, गॅरेज, पॅलेटचे कारखाने, भंगारची गोदामे, ते बहुतांशी औद्योगिक वसाहतीच्या भरवशावर. हे आपले बंदर आहे. चौलच्या विणकरालाही आपले बंदर कायमचे वाटत असेल. कंपनीने कामगार कमी केले, यंत्र बसवले किंवा दुसऱ्या राज्यात जागा घेतली, तर पहिला फटका खोलीवाल्याला आणि खानावळवाल्याला बसतो. आपल्यापैकी कित्येकांनी मंदीच्या काळात ते सोसले आहे.

म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येकाने दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझे निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येते का? आणि ते गिऱ्हाईक उद्या गेले तर माझ्या हातात असे कोणते काम आहे, जे दुसरीकडे विकता येईल? आमच्या पॅलेटवाल्या सुतारांनी राजपुरीत होडीचे सांधे पाहिले आणि परत येताना ठरवले की खिळे ठोकण्याच्या कामाबरोबर दरवाजे, कपाटे आणि दुकानांच्या मांडणीचे काम पुन्हा सुरू करायचे, मुलालाही ते शिकवायचे. वेल्डर बंधूंनी गेट-ग्रिलची वेगळी वही उघडली आहे. या छोट्या गोष्टी आहेत, पण सुरुवात अशीच होते.

ज्यांना जायचे आहे त्यांनी ऑक्टोबर ते मे या काळात जावे. कारेगावहून पुणे, खोपोली, पेण, अलिबाग असे रेवदंड्याला उतरावे. चौल सकाळी पाहावे, मुक्काम मुरूडला करावा आणि दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ विचारून राजपुरीचा धक्का गाठावा. मुलांना सोबत न्यावे. शाळेच्या पुस्तकात निजामशाही दोन ओळींत संपते, हमामखान्याच्या छताखाली ती संपत नाही.

रोजी देणारा अल्लाह आहे आणि हात हलवणे आपले काम आहे. गाळ खाडीत हळूहळू साचतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या धंद्यातला गाळ वर्षातून एकदा तरी मोजून पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.